पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेश : महाविद्यालयाच्या नावापेक्षा राज्य महत्त्वाचे

चेन्नईनजीकच्या ओरगडम येथील वाहन कारखान्यांमध्ये विविध राज्यांतील कर्मचारी काम करतात. तेथील एखाद्या मराठी कुटुंबातील मुलीने तमिळनाडूत एमबीबीएस केल्यास त्वचारोग किंवा क्ष-किरणशास्त्रासारख्या चुरशीच्या शाखेची जागा तिला कशाच्या बळावर मिळेल? नामांकित महाविद्यालयाची पदवी तेथे उपयोगी पडते काय?

प्रवेशाच्या नियमांत महाविद्यालयाच्या नावलौकिकाला स्थान नाही. 2017 पासून पदव्युत्तर प्रवेश 'नीट-पीजी' परीक्षेतील क्रमांकावर होतात. 200 प्रश्नांच्या या परीक्षेला 800 गुण असतात. एमबीबीएसचे गुण, शिफारसपत्रे किंवा मुलाखत विचारात घेतली जात नाही. एम्ससारख्या राष्ट्रीय संस्थांसाठी वेगळी परीक्षा असली, तरी तेथेही लेखी परीक्षाच निर्णायक ठरते. नामवंत महाविद्यालयांचे विद्यार्थी यशस्वी ठरतात, त्यामागे मुळात वरच्या क्रमांकाच्या विद्यार्थ्यांनाच तेथे प्रवेश मिळतो, हेही एक कारण आहे.

अमेरिकेत मात्र रुग्णालये उमेदवारांच्या मुलाखती घेऊन आपली पसंतीयादी ठरवतात. तेथील परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात जानेवारी 2022 पासून गुणांऐवजी केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा निकाल दिला जातो. त्यामुळे महाविद्यालयाच्या नावाचे वजन वाढेल, अशी चिंता व्यक्त झाली.

भारतात नावाला महत्त्व नसले, तरी महाविद्यालय कोणत्या राज्यात आहे याला महत्त्व आहे. शासकीय महाविद्यालयांतील निम्म्या पदव्युत्तर जागा अखिल भारतीय कोट्यातून, तर उर्वरित राज्य कोट्यातून भरल्या जातात. 29 जानेवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशातील अधिवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवले. समानतेची हमी देणाऱ्या अनुच्छेद 14 चा त्यामुळे भंग होतो, असे पीठाने म्हटले. चंदीगडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेशांवरून हा वाद उद्भवला होता. मात्र, वाजवी प्रमाणात संस्थात्मक प्राधान्य देण्यास न्यायालयाने मुभा कायम ठेवली. पूर्वी झालेल्या प्रवेशांनाही धक्का लावला नाही.

या निकालाच्या तत्त्वानुसार, ओरगडमच्या कुटुंबातील विद्यार्थिनीला केवळ महाराष्ट्राच्या अधिवास प्रमाणपत्रावर तेथील राखीव जागेचा हक्क सांगता येत नाही. उलट, तमिळनाडूत घेतलेली पदवी तिला त्या राज्यात उपयोगी ठरू शकते. म्हणूनच बारावीनंतर एमबीबीएसचे महाविद्यालय निवडताना त्याच्या लौकिकाबरोबर संबंधित राज्याच्या पदव्युत्तर प्रवेशाची माहितीपुस्तिकाही पाहणे हिताचे ठरते.