गोणीत घातलेली नळी
मुलुंडला आमच्या गच्चीवर कुंड्या आहेत. परवा सूनबाईने कंपोस्टचं पाकीट आणलं. "बाबा, चांगलं आहे ना?" मी आधी ते उलटं केलं. कृषी खात्यात खत निरीक्षक म्हणून हयात गेली, त्यामुळे नुसत्या रंग-वासावर माझा भरवसा नाही. शहरी कंपोस्टमध्ये सेंद्रिय कर्ब किमान 12 टक्के हवा, शिसं किलोमागे 100 मिलिग्रॅमच्या आत. पाकिटावर फक्त गुलाबाचं चित्र. "परत करून ये," म्हटलं.

हे आकडे 1985 च्या खत नियंत्रण आदेशातले. चेंबूरच्या आरसीएफ कंपनीचं सुफला 15:15:15 हे खत घ्या. 50 किलोत नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी साडेसात किलो. ते डोळ्यांना कुठे दिसतं? म्हणून नमुना. खाचेची नळी गोणीच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी घालायची, म्हणजे वरचं, मधलं, तळाचं सगळं खत तिच्यात येतं. मग तीन भाग, प्रत्येकी सुमारे 400 ग्रॅम, आणि लाखेची मोहोर. एक प्रयोगशाळेला, एक विक्रेत्याला, एक राखीव.

नमुना पावसात उघड्यावर घ्यायचा नाही, हाही नियमच. नवा असताना जुलैत एका दुकानाच्या ओसरीवर मी घाईने नमुना घेतला. नत्र कमी भरलं, खटला उभा राहिला. वकिलाने मला एवढंच विचारलं, "त्या वेळी पाऊस होता का?" होता. खताने ओल ओढली असेल, या शंकेवर दुकानदार सुटला. ज्याचं भात पिवळं पडलं तो शेतकरी कोर्टाच्या पायरीवर बसला होता. मला काहीच बोलला नाही. तो अजून डोळ्यांसमोर येतो.

पशुखाद्याच्या पोत्यात नळी घालण्याचा अधिकार मला कधीच नव्हता, आणि ते मला सलतं. गोरेगावची आरे दूध वसाहत 1949 पासूनची; उपनगरांत आजही म्हशींचे तबेले आहेत. खाद्य ओलावलं की बुरशी धरते, तिच्यातून अफ्लाटॉक्सिन बी-1 तयार होतं. म्हशीच्या पोटात गेलं की त्याचा एम-1 होऊन दुधात उतरतो आणि दूध उकळूनही जात नाही. आयएस 2052 या मानकात खाद्यासाठी किलोला 20 मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे; दुधाला, वेगळ्या नियमाने, अर्ध्या मायक्रोग्रॅमची.

गेल्या पावसाळ्यात ओळखीच्या एका तबेल्यात गेलो. पोती ओल्या फरशीवरच रचलेली. सगळ्यात खालच्या पोत्यात हात घातला, तर आत ऊब लागली. मालकाला म्हटलं, "खाली फळ्या टाका. आणि हे पोतं म्हशींना घालू नका."