लँकेस्टरचे कौतुक करावे काय?

इंग्लंडात एखाद्या समारंभात लँकेस्टर विमान डोक्यावरून जाऊ लागले, की माणसे बोलणे थांबवून माना वर करतात. १९४१ च्या जानेवारीत प्रथम उडालेले हे बॉम्बफेकी विमान. एकंदर ७,३७७ बांधली गेली. त्यांतली उडण्याजोगी राखलेली आज दोनच, एक ब्रिटनमध्ये, दुसरे कॅनडात. चार एंजिनांचा तो घनगंभीर घुमारा ऐकायला लोक मैलोगणती येतात. हे कौतुक नेमके कशाचे, असे विचारले मात्र, की जीभ अडखळते.

आधी यंत्र पाहू. रॉय चॅडविक या अभियंत्याने पूर्वी मँचेस्टर नावाचे दोन एंजिनांचे विमान केले होते. त्याची एंजिने वारंवार दगा देत. चॅडविकने पंख वाढवून चार मर्लिन एंजिने बसवली, आणि फसलेल्या विमानातून एक नामांकित विमान निघाले. जाणकार विशेष वाखाणतात ती त्याच्या पोटातली बॉम्बची कोठी. ३३ फूट लांब, आणि मध्ये एकही आडभिंत नाही! त्यामुळे ४,००० पौंडांचा अजस्र बॉम्ब आणि जोडीला शेकडो आगलावे बॉम्ब एकदम मावत. मोठ्या बॉम्बने छपरे उडवायची, खिडक्या फोडायच्या, आणि उघड्या पडलेल्या घरांत आग टाकायची, अशी ती योजना होती. १९४३ च्या जुलैत हँबुर्गवर लँकेस्टर व इतर विमाने गेली. २७ तारखेच्या रात्री आगी एकमेकींत मिसळून अग्नीचे वादळ उठले. त्या हल्ल्यांच्या मालिकेत सुमारे ३७,००० माणसे मेली, बहुतेक साधे नागरिक. ‘यंत्र चांगले, उपयोग वाईट’ असे म्हणून येथे सुटका होत नाही. ती कोठी बांधली होती ती बॉम्ब वाहण्यासाठीच.

आपण खंडेनवमीला शस्त्र पुजतो, तेव्हा त्याची धार निदान डोळ्यांसमोर असते. हजारो फुटांवरून जाणाऱ्या विमानाची धार कोणाला दिसणार?

पण आत बसलेली सात माणसे? बहुतेक विशी-बाविशीची पोरे, स्वेच्छेने आलेली. ब्रिटिश बॉम्बर दलातले ५५,५७३ वैमानिक व सहकारी मेले. विमान पेटले तर बाहेर पडायची पुढची झडप इतकी अरुंद, की हॅलिफॅक्स विमानातून जितके जण वाचत त्या मानाने लँकेस्टरमधून फारच थोडे वाचत. बॉम्बसाठी ऐसपैस जागा आणि माणसांसाठी ही! कौतुक करणाऱ्यांनी हेही मोजावे.

आणि तरी गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. १९४५ च्या एप्रिलअखेर पश्चिम हॉलंडात लोक उपासमारीने मरत होते. जर्मनांशी बोलणी करून याच विमानांनी, अगदी खालून उडत, त्याच कोठीतून धान्याच्या गोण्या टाकल्या. दहा दिवसांत साडेसहा हजार टनांवर अन्न पडले. ज्यांनी ते उचलले, त्यांना हा घुमारा कसा ऐकू आला असेल!

मला स्वतःला हे विमान सुंदर वाटते, हे लपवीत नाही. लंडनमध्ये २०१२ साली या दलाचे स्मारक उभारले गेले. त्यात सात वैमानिकांचे ब्राँझचे पुतळे आहेत, आणि वरच्या छपराचे अॅल्युमिनियम बेल्जममध्ये पडलेल्या एका हॅलिफॅक्स विमानाचे आहे. तेथल्या लेखात या दलाबरोबरच, १९३९ ते १९४५ या काळात बॉम्बहल्ल्यांत मेलेल्या सर्व राष्ट्रांच्या लोकांचाही उल्लेख आहे.