दुसऱ्या बाजूचे प्रेमगीत

बीटल्सच्या प्रेमगीतांचा विषय निघाला की ‘यस्टरडे’, ‘मिशेल’ ही नावे चटकन ओठांवर येतात. ‘थिंग्ज वुई सेड टुडे’चे नाव मात्र सहसा कुणी घेत नाही. १९७३ साली निघालेल्या त्यांच्या गाजलेल्या ‘लाल’ संकलनात या गाण्याला स्थान मिळाले नाही. १९७७ च्या ‘लव्ह साँग्ज’ या केवळ प्रेमगीतांच्या संचातूनही ते वगळले गेले. वास्तविक पॉल मॅकार्टनीच्या उमेदवारीच्या काळातील हे एक अत्यंत परिपक्व गीत आहे.

सुट्टीतले गाणे

१९६४ हे वर्ष बीटल्ससाठी उसंत न देणारे होते. फेब्रुवारीत अमेरिकी दूरचित्रवाणीवरील त्यांचा पहिला कार्यक्रम सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी पाहिला. एप्रिलमध्ये ‘बिलबोर्ड’च्या यादीतील पहिली पाचही गाणी त्यांचीच होती. त्यानंतर ‘अ हार्ड डेज नाइट’ या चित्रपटाचे चित्रीकरण आटोपून मे महिन्यात २१ वर्षांचा मॅकार्टनी व्हर्जिन बेटांवर सुट्टीसाठी गेला. सोबत त्याची प्रेयसी जेन अ‍ॅशर होती. वयाच्या अठराव्या वर्षीच ती अभिनेत्री म्हणून नावारूपाला आली होती. एकाचे दौरे आणि दुसरीची नाटके यांमुळे दोघांच्या वाट्याला सहवासापेक्षा विरहच अधिक येत असे. भाड्याने घेतलेल्या ‘हॅपी डेज’ नावाच्या नौकेवर हे गाणे जन्माला आले.

त्याची कल्पना साधी, पण वेगळी आहे. ‘तू माझी आहेस’ किंवा ‘तू मला सोडून गेलीस’ असे हा प्रियकर म्हणत नाही. आज जे बोललो ते पुढे कधीतरी आपल्याला आठवेल, असे तो सांगतो. म्हणजे क्षण हातात असतानाच त्याची आठवण होऊ लागली आहे. मॅकार्टनीने पुढे या भावनेला भविष्यातील स्मरणरंजन असे म्हटले.

कोमल आणि शुद्ध

हा दुहेरी भाव चालीतही उतरला आहे. अ‍ॅकॉस्टिक गिटारच्या झपझप छेडलेल्या तारांनी गाणे सुरू होते आणि लोकगीतासारख्या मोजक्या स्वरांत फिरत राहते. कडवी ‘ए मायनर’मध्ये आहेत. आपल्या परिभाषेत सांगायचे तर गंधार कोमल आहे. मधल्या भागात षड्ज तोच राहतो, पण गंधार शुद्ध होतो. तेवढ्या एका बदलाने आवाजात आत्मविश्वास येतो, ठेका रांगडा होतो. मात्र हा उजेड टिकत नाही. गाणे पुन्हा कोमल गंधाराच्या सावलीत परतते. प्रेमाची ग्वाही आणि त्यामागची धाकधूक शब्दांइतकीच या स्वरबदलातून व्यक्त होते.

बीटल्सच्या लोकसंगीताकडील ओढ्याची चर्चा प्रामुख्याने डिसेंबर १९६५ च्या ‘रबर सोल’ या अल्बमसंदर्भात होते. हे गाणे त्याच्या दीड वर्ष आधीचे आहे, हे विसरता कामा नये.

झाकोळ कशामुळे?

२ जून १९६४ रोजी लंडनमध्ये गाण्याचे ध्वनिमुद्रण झाले. दुसऱ्याच दिवशी रिंगो स्टार आजारी पडला आणि त्याच्या जागी बदली ड्रमवादक घेऊन मंडळी दौऱ्यावर निघाली. १० जुलैला ब्रिटनमध्ये ‘अ हार्ड डेज नाइट’ची तबकडी बाजारात आली. तिच्या मागच्या बाजूला हे गाणे होते. पुढच्या बाजूचे गाणे अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्यात चित्रपटातही या गाण्याला जागा नव्हती. अमेरिकेत तर त्या तबकडीच्या मागे दुसरेच गाणे देण्यात आले.

प्रत्यक्ष आयुष्याने मात्र या गाण्याला वेगळाच अर्थ दिला. डिसेंबर १९६७ मध्ये मॅकार्टनी आणि अ‍ॅशर यांचा साखरपुडा जाहीर झाला. फेब्रुवारी १९६८ मध्ये दोघे हृषीकेशच्या आश्रमातही एकत्र आले होते. त्याच वर्षी जुलैमध्ये हे लग्न होणार नसल्याचे अ‍ॅशरने जाहीर केले. १९८९-९० च्या जागतिक दौऱ्यात मॅकार्टनीने हे गाणे पुन्हा मंचावर आणले, तेव्हा त्याने सत्तेचाळिशी गाठली होती. एकविसाव्या वर्षी ज्या ‘पुढे कधीतरी’ची त्याने कल्पना केली होती, तो काळ केव्हाच येऊन ठेपला होता. ती जोडी राहिली नव्हती. गाणे मात्र राहिले होते.