परड्यातली घरं

गगनबावड्याचं नाव निघालं की गगनगड, करूळचा घाट आणि पंत अमात्यांची जहागीर यांच्याबद्दलच बोललं जातं. घरामागच्या परड्यात मात्र कुणी डोकावत नाही. गोठा, जळणाची खोप, न्हाणी, वैरणीचा माळा आणि पलीकडे रानात गुऱ्हाळघर, या तालुक्याचा खरा वास्तुवारसा मला इथंच दिसतो.

इथं वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, कधी त्याहूनही जास्त. देशावर धान्य जमिनीत पेव खणून ठेवत. इथं त्या पेवात पाणीच भरलं असतं. म्हणून भात-नाचणी बांबूच्या कणगीत गेली. कणगी शेणामातीनं लिंपायची आणि ओल लागू नये म्हणून जमिनीपासून वर ठेवायची. भिंती जांभ्याच्या, छपराला चांगला उतार आणि वळचण इतकी खाली की वाकूनच आत शिरावं लागे. वाऱ्याच्या बाजूला गवताच्या झडी बांधायच्या.

गोठा बहुधा माणसांच्या घराला लागूनच असे. मुसळधार पावसात वैरणीसाठी लांब जायला नको, म्हणून भाताचं पिंजर वरच्या माळ्यावर रचलेलं असायचं. तिथून ओढलं की थेट दावणीत. चुलीचा धूर आढ्यापर्यंत चढायचा आणि तिथं टांगलेल्या बियाण्याला कीड लागू द्यायचा नाही. जनावरांखाली पालापाचोळा पसरायचा. शेणामुतात तो कुजला की त्याचंच खत पुढं भाताच्या खाचरात पडायचं. पडवीच्या खुंटीला इरली, कोपऱ्यात उखळ-मुसळ. वाया जाणारी जागा अशी नव्हतीच.

गुऱ्हाळघराचा हंगाम पाऊस सरल्यावर. उसाचं चिपाड उन्हात वाळल्याशिवाय चुलवाण पेटत नाही, आणि वाळलं की दुसरं जळण विकत घ्यावं लागत नाही. ज्या उसाचा रस काढला त्याच्याच चिपाडावर तो आटतो, ही योजना मला फार शहाणपणाची वाटते. काहिलीत रस तापला की रानभेंडीचा चिकट रस घालून मळी वर आणायची आणि काढून टाकायची. पाक घट्ट होत आला की गुळव्या त्याचा थेंब गार पाण्यात टाकून बोटांनी वळून बघतो. गोळी कडक झाली की काहील उतरवायची, क्षणाचाही उशीर चालत नाही. मग पाक वाफ्यात ओतून घोटायचा आणि रवे भरायचे. शंभर किलो उसातून साधारण दहा ते बारा किलो गूळ निघतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागं गुळव्याच्या बोटांची ही पारख आहे.

अमेरिकेत लुइझियानाच्या मळ्यांतही रस कढवण्याची अशीच घरं होती, पण ती गुलामांच्या श्रमावर चालत. आपल्याकडे पैऱ्यानं एकमेकांच्या रानात राबण्याची रीत होती, तरी चुलवाणापुढं दिवसरात्र भाजून निघणाऱ्या जळव्याच्या कष्टाची नोंद आपणही फारशी ठेवली नाही.

आता कौलांच्या जागी पत्रे आले, कणगीच्या जागी प्लास्टिकची पिंपं. तालुक्यातच साखर कारखाना झाल्यावर ऊस तिकडं वळला आणि बऱ्याच चुलवाणांवर गवत उगवलं. शेतकऱ्यानं सोयीचं ते निवडलं, त्यात त्याचा दोष नाही. पण गडाच्या बुरुजांची मापं घेतली जातात, तशी उभ्या असलेल्या गोठ्यांची आणि गुऱ्हाळांचीही घ्यायला हवीत. वळचण किती खाली होती, माळा किती उंच होता, चुलवाणाचं तोंड कोणत्या दिशेला होतं, हे सांगणारी माणसं अजून गावात आहेत.