मर्यादवेल

हिवाळी सुट्टीत मी मामांबरोबर केळशीहून आंजर्ल्याकडे किनाऱ्याने पायी निघालो होतो. संध्याकाळी तंबूसाठी जागा साफ करताना वाळूवर पसरलेली एक हिरवी वेल मी भराभर उपटू लागलो. शाळेतल्या साफसफाईची सवय, दुसरे काय! तेवढ्यात जाळे आवरणारे एक आजोबा ओरडले, “अरे बाळा, मर्यादवेल ती! उपटू नको.”

भरतीचे पाणी जिथे थांबते, तिथून ही वेल सुरू होते, म्हणून हे नाव, असे त्यांनी सांगितले. पान आपट्यासारखे दुभंगलेले, पण जाड. फूल जांभळट गुलाबी, कर्ण्याच्या आकाराचे. खारा वारा आणि तापलेली वाळू ती सहज सोसते. तिची खरी करामत पेऱ्यांत आहे. वाळूला टेकलेल्या पेऱ्यांना मुळे फुटतात आणि त्यांचे जाळे सुटी वाळू धरून ठेवते. वाऱ्याने उडणारी वाळू वेलीला अडते, साठते आणि हळूहळू तिचा उंचवटा होतो. वादळी लाटांचा पहिला मार हाच उंचवटा झेलतो. बिया तर पाण्यावर तरंगत दूरच्या किनाऱ्यांना जाऊन लागतात.

म्हणजे मी किनाऱ्याचा पहाराच उठवत होतो! आम्ही तंबू मागे सुरूच्या बनात हलवला. उपटलेल्या वेलीचे पेरे असलेले तुकडे ओल्या वाळूत पुन्हा पुरले. ते रुजले का, हे पाहायला मे महिन्यात जाणार आहे.