प्रासंगिक कामासाठी स्वस्त हत्यारे

चैत्र-वैशाखात गोव्याच्या खेडोपाडी घरदुरुस्तीची लगबग सुरू होते. कौले उतरवून घर पुन्हा शाकारावयाचे असते, कुजलेले रीप बदलावयाचे असतात, विहिरीवरील पंपाचे नट-बोल्ट गंजून घट्ट बसलेले असतात आणि कुळागराच्या पाटाला डागडुजी हवी असते. सुताराला किंवा गवंड्याला बोलवावे, तर ऐन हंगामात त्यांची गाठ पडणे कठीण. शिवाय काम अर्ध्या दिवसाचे. अशा वेळी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ताडपत्रीवर मांडलेली चकचकीत हत्यारे गृहस्थाला खुणावू लागतात. अलीकडे तर 'पन्नास टक्के सूट' अशा पाटीखाली तीच हत्यारे मोठ्या दुकानांतून मिळतात आणि भ्रमणध्वनीवरून मागविली तर घरपोचही येतात. वर्षातून दोन-चार वेळा लागणाऱ्या वस्तूसाठी अधिक पैसे का मोजावेत, असा प्रश्न कोणाच्याही मनात यावा आणि तो रास्तही आहे.

या प्रश्नाला सरसकट एकच उत्तर देता येत नाही. 'महाग तेच चांगले' हे जसे खरे नाही, तसे 'काम भागले म्हणजे झाले' हेही खरे नाही. खरेदीपूर्वी एक गोष्ट स्वतःला विचारावी : हे हत्यार ऐन कामात मोडले, निसटले किंवा फुटले, तर काय बिघडेल? केवळ काम अडून राहणार असेल, तर स्वस्त हत्यार खुशाल घ्यावे. हात, डोळा किंवा जीव धोक्यात येणार असेल, तर ते कितीही क्वचित लागणारे असले तरी तेथे काटकसर करू नये. वर्षातून एकदाच चढावयाची शिडी त्या एकाच दिवशी मोडू शकते.

प्रथम सवलतीविषयी. वेष्टनावरील कमाल किरकोळ किंमत ही सामान्यतः उत्पादक किंवा आयात करणारा व्यापारी स्वतःच ठरवून छापीत असतो. त्यामुळे त्या किमतीवर किती टक्के सूट मिळाली, यावरून मालाच्या दर्जाविषयी काहीच कळत नाही. छापील ८०० रुपयांवरून ४०० रुपयांना मिळालेला पाना हा ४०० रुपयांचाच पाना होय. तुलना करावयाची ती प्रत्यक्ष द्यावयाच्या दोन किमतींची आणि हातात घेतलेल्या दोन वस्तूंची.

हत्याराच्या किमतीत खरा वाटा असतो तो पोलादाचा आणि त्याला दिलेल्या पाण्याचा. पोलादात कर्बाचे प्रमाण साधारणतः अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक असेल, तर ते लाल होईपर्यंत तापवून एकदम पाण्यात किंवा तेलात बुडविल्यावर चांगले कठीण होते. परंतु तेवढ्यावरच सोडले तर ते काचेसारखे ठिसूळ राहते; म्हणून त्याला पुन्हा बेताचा शेक देऊन चिवटपणा आणावा लागतो. साध्या सळईच्या किंवा पत्र्याच्या लोखंडात कर्ब पाव टक्क्याहूनही कमी असतो. त्याला कितीही वेळा पाणी पाजले तरी धार टिकत नाही. अतिस्वस्त हत्यारांत बहुधा असे मऊ लोखंड तरी असते किंवा ठिसूळ बीड तरी, आणि वरचा चकचकीत मुलामा दोन्ही दोष झाकून टाकतो. हत्याराच्या पात्यावर किंवा टोकावर कानशीचा हलका हात फिरवून पाहावा. कानस सहज रुतली आणि कीस निघाला तर पोलाद मऊ आहे. ती घसरून गेली तर कठीण आहे. दुकानदार हा प्रयोग करू देईलच असे नाही. पण घरी आणल्यावर तरी तो करून पाहावा आणि पावती जपून ठेवावी.

उलट, स्वस्त असूनही उत्तम असे एक हत्यार आपल्या परिचयाचे आहे, ते म्हणजे गावच्या लोहाराने घडविलेला कोयता. ट्रकच्या स्प्रिंगचे मोडके पाटे तापवून, ठोकून लोहार कोयते व विळे घडवितात. त्या पाट्यांचे पोलाद मुळातच भरपूर कर्बाचे व चिवट असते. ना वेष्टन, ना जाहिरात, ना मुलामा. म्हणून किंमत कमी. धार बोथटली किंवा दांडा ढिला झाला, तर ज्याने घडविले तोच दुरुस्त करून देतो. कारखान्यातील स्वस्त मालाला ही सोय नाही. प्रस्तुत लेखकास तरी कोयता, कुदळ व पहार यांच्या बाबतीत लोहाराचे दुकान हेच पहिले ठिकाण वाटते.

आता घरगुती कामाची काही हत्यारे पाहू. पान्याच्या बाबतीत नुकसान होते ते पान्याचे नव्हे, नटाचे. मऊ लोखंडाच्या पान्याचा जबडा जोर लावताच किंचित फाकतो, नटाच्या कडा गोल होतात आणि मग चांगला पानाही तेथे पकड घेत नाही. पंपाचा असा एक बोल्ट छिन्नीने तोडून काढावयाचा, म्हणजे पान्यात वाचविलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च होतो. पाना निसटून बोटे सोलवटतात ती वेगळीच. बत्तीस नगांचा संच घेण्याऐवजी नेहमी लागणाऱ्या मापांचे तीन-चार घडीव पाने घ्यावेत. फुलीच्या पेचकसाची गोष्टही अशीच आहे. त्याचे टोक झिजले की स्क्रूचे डोके खराब होते.

करवतीचे मात्र निराळे आहे. सध्या मिळणाऱ्या स्वस्त करवतींपैकी काहींच्या दातांची टोके कारखान्यातच विजेच्या साहाय्याने कठीण केलेली असतात. त्यांना कानशीने पुन्हा धार लावता येत नाही, म्हणून जुन्या सुतारांना त्या आवडत नाहीत. परंतु वर्षाकाठी दहा-बारा रीप कापणाऱ्यास त्या अनेक वर्षे पुरतात. लोखंड कापण्याच्या हॅकसॉची चौकट साधी असली तरी चालेल, मात्र ती पाते ताणून धरणारी हवी आणि पाते चांगल्या प्रतीचे हवे. पातळ नळी कापावयाची असेल तर इंचाला २४ किंवा ३२ दातांचे पाते घ्यावे, जाड सळईला १८ दातांचे. यंत्र साधे, पण कापणारा भाग चांगला, हे सूत्र भोके पाडण्याच्या यंत्रालाही लागू पडते.

हातोडी ही सर्वांत निरुपद्रवी वाटणारी वस्तू. वस्तुतः ती तशी नाही. ओतीव बिडाच्या हातोडीची कड घाव घालताना उडू शकते आणि तो कण सरळ डोळ्याकडे येतो. एका हातोडीवर दुसऱ्या हातोडीने घाव घालण्याची जी सवय अनेकांना असते, तिच्यात हा धोका चांगल्या हातोडीच्या बाबतीतही राहतो. छिन्नीचे डोके ठोकून ठोकून छत्रीसारखे फुलले असेल, तर ती कड घासून काढावी. हातोडीचा दांडा नेढ्यात पाचरीने पक्का बसला आहे ना, हे प्रत्येक वेळी पाहावे. ढिला दांडा पाण्यात भिजत घालून घट्ट करण्याचा उपाय तात्पुरता होय. लाकूड वाळले की तो पूर्वीपेक्षाही ढिला होतो.

मोजमापाची साधने स्वस्त घ्यावयास मुळीच हरकत नाही. अट एवढीच, की ती तपासून घ्यावीत. ही तपासणी दुकानातच, एक पैसाही न खर्चता करता येते. पाणसळ फळीवर ठेवून आतील बुडबुडा कोठे थांबतो ते पाहावे. मग पाणसळ उलटसुलट फिरवून त्याच जागी ठेवावी. बुडबुडा दोन्ही वेळा एकाच बाजूस तेवढाच सरकला, तर फळी तिरपी आहे, पण पाणसळ बरोबर आहे. तो बाजू बदलू लागला तर पाणसळ चुकीची आहे. गुण्या सरळ कडेला टेकवून कागदावर रेघ ओढावी आणि तो पालथा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ ओढावी. दोन्ही रेघा एकावर एक आल्या, तर गुण्या काटकोनात आहे. भूमितीच्या शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात अवश्य करून दाखवावा.

विजेवर चालणाऱ्या हत्यारांपैकी ड्रिल यंत्र घरगुती कामासाठी स्वस्तातले घेणे बहुधा फायद्याचे ठरते. समजा, एक यंत्र १,५०० रुपयांना आहे व दुसरे ४,००० रुपयांना. घरात वर्षाला वीस भोके पाडावयाची असतील, तर दहा वर्षांत दोनशे भोके होतात. पहिल्या यंत्राने एका भोकाला साडेसात रुपये पडतात, दुसऱ्याने वीस रुपये. तेवढी भोके कारागीर दहा दिवसांत पाडतो, म्हणून त्याचा हिशेब वेगळा असतो. (कारागिरांसाठी २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अवजारसंचासाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे.) आपल्याकडील जांभ्या चिऱ्यांच्या भिंतीत साधे यंत्रही सहज शिरते. काँक्रीटच्या तुळईला मात्र ठोका देणारे यंत्र लागते. तेथे साध्या यंत्रावर रेटा दिला की ते तापून जळते. विजेच्या धक्क्यापासून संरक्षण आहे किंवा नाही, हे पाहिल्यावाचून असे यंत्र घेऊ नये. यंत्रावर एका चौकोनात दुसरा चौकोन अशी खूण असेल, तर त्याला दुहेरी विद्युतरोधन आहे असे समजावे. ती खूण नसलेल्या धातूच्या यंत्राला तीन खिळ्यांचा प्लग व घरात चालू अवस्थेतील अर्थिंग हवेच. त्याबरोबर ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच बसविला असेल तर अधिक चांगले. पावसाळ्यात ओल्या अंगणात विजेचे कोणतेही हत्यार चालवू नये.

ग्राइंडरच्या बाबतीत मात्र अधिक कठोर सूचना करणे भाग आहे. त्याची १०० मिलिमीटर व्यासाची तबकडी मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते, म्हणजे तिची कड ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेगाने फिरत असते. अशी तबकडी फुटली तर तिचे तुकडे त्याच वेगाने सुटतात. निनावी तबकडी कधीही घेऊ नये. तबकडीवर छापलेली कमाल फेऱ्यांची संख्या यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा अधिक असली पाहिजे. चांगल्या तबकडीच्या मधल्या कड्यावर वापराची मुदतही दिलेली असते. काम सोपे व्हावे म्हणून संरक्षक आवरण काढून टाकणे किंवा ग्राइंडरला लाकूड कापण्याची दातेरी तबकडी लावणे, हे प्रकार सर्रास आढळतात. ते जीवघेणे आहेत. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. शिडी, वजन उचलण्याची साखळी, मोटारीचा जॅक व विजेचा प्रवाह तपासण्याचा टेस्टर या वस्तूही निनावी व स्वस्त घेऊ नयेत.

निनावी माल ओळखणे अवघड नाही. २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार वेष्टनावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क दिलेला असणे आवश्यक आहे. भारतीय मानक संस्था १९४७ साली स्थापन झाली. १९८६ च्या कायद्यान्वये १९८७ साली तिची जागा भारतीय मानक ब्यूरोने घेतली, तरी आय.एस.आय. ही खूण कायम राहिली. या खुणेच्या वर मानकाचा क्रमांक व खाली परवाना क्रमांक असावयास हवा. नुसती खूण कोणीही छापू शकतो. परवाना क्रमांक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या भ्रमणध्वनीवरील सुविधेतून पडताळून पाहता येतो. सदोष मालाविषयी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. त्यासाठी पावती लागतेच.

शाळा व पंचायती यांच्या खरेदीविषयी थोडे सांगितले पाहिजे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांच्या सहवासात शिकावे, असे सुचविले आहे. त्यासाठी हत्यारे घेतली जातील. मागणीपत्रात 'हातोडी, नग १०' एवढेच लिहिले, तर सर्वांत कमी दराची, अर्थात सर्वांत निकृष्ट हातोडी शाळेत येऊन पडते आणि नियमाप्रमाणे तिला नाकारताही येत नाही. कमीत कमी दर याचा अर्थ, ठरविलेल्या दर्जाच्या मालातील कमीत कमी दर; दर्जा मात्र मागणाऱ्याने आधी लिहून द्यावा लागतो. पोलादी हातोडीसाठी आय.एस. ८४१, पकडीसाठी आय.एस. ३६५० असे मानकाचे क्रमांक, वजन व दांड्याची लांबी मागणीपत्रात घालावी. मुलांसाठी हत्यारे लहान असावीत, हलक्या प्रतीची नसावीत. बोथट पटाशीला जोर अधिक लागतो आणि जोर लावला की ती सटकते.

वर्षातून एकदाच लागणारे महागडे हत्यार प्रत्येक घराने घ्यावे, याचीही गरज नाही. वाड्यावरील पाच-सहा कुटुंबांनी किंवा बचत गटाने मिळून एक चांगली शिडी व एक चांगला ग्राइंडर घेतला, तर प्रत्येकाचा वाटा स्वस्त मालाच्या किमतीइतकाच येतो. अडचण येते ती जबाबदारीची. कोणी नेले, कोणत्या स्थितीत परत आणले, याची नोंद एका वहीत ठेवावी आणि कपाटाची किल्ली एकाच घरी असावी. हत्यारे जमिनीवर किंवा चिऱ्यांच्या भिंतीला टेकवून न ठेवता लाकडी फळीवर ठेवावीत. जूनपासूनच्या दमट हवेत चांगले पोलादही आठवड्याभरात तांबूस होऊ लागते. म्हणून पावसाळ्यापूर्वी माती पुसून, उन्हात वाळवून त्यांना यंत्राचे तेल लावावे व पात्यांभोवती तेलकट फडके गुंडाळावे. श्रावणात चांगले ऊन पडले की ती एकदा बाहेर काढून पुन्हा तेलाचे बोट फिरवावे.