अणूची वीज, सूर्याची वीज आणि आपले गाव

संध्याकाळी आपण बटण दाबतो. दिवा लागतो. पोरे अभ्यासाला बसतात. पिठाची चक्की फिरते. शेतावरचा पंप पाणी ओढतो. रॉकेलच्या चिमणीपुढे बसून डोळे कसे चुरचुरत, ते म्हाताऱ्या माणसांना विचारा. वीज हवी, याबद्दल कुणाचे दुमत नाही.

पण आभाळातली वीज आपोआप चमकते, तशी घरातली वीज आपोआप येत नाही. ती तयार करावी लागते. त्यासाठी जागा लागते, पाणी लागते, पैसा लागतो. ती जागा कुणाची तरी असते. त्या पाण्यावर कुणाचे तरी पोट असते. दिवा एका गावात लागतो आणि जमीन दुसऱ्या गावाची जाते. इथूनच वाद सुरू होतो. हा वाद काय आहे, हे आपण नीट समजून घेऊ.

अणूची वीज म्हणजे काय?

चुलीवर आधण ठेवले की झाकण थडथडते. वाफ त्याला वर ढकलते. वाफेत असा जोर असतो. पुष्कळ वाफ करून ती मोठ्या चक्राच्या पात्यांवर सोडली, म्हणजे चक्र फिरते. चक्राला जोडलेले यंत्र फिरले की वीज तयार होते.

वाफ करायला आच पाहिजे. कोळशाच्या केंद्रात कोळसा जाळतात. अणुकेंद्रात युरेनियम नावाचा धातू वापरतात. हा धातू जाळत नाहीत. त्याचे अतिसूक्ष्म कण, म्हणजे अणू, भट्टीत फुटतात. फुटताना फार मोठी उष्णता निघते. बोटाच्या पेराएवढ्या युरेनियमच्या गोळीतून सुमारे एक टन कोळशाइतकी उष्णता मिळते. धूर होत नाही. पावसाळा असो की रात्र असो, भट्टी चालूच राहते. हा मोठा फायदा आहे, आणि तो कबूल केला पाहिजे.

मग भीती कशाची? भीती दोन गोष्टींची. पहिली गोष्ट राखेची. चुलीतली राख आपण भांडी घासायला घेतो. अणुभट्टीतून निघालेले वापरलेले युरेनियम मात्र हजारो वर्षे घातक राहते. त्यातून निघणारे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, पण शरीराला अपाय करतात. म्हणून ते फार जपून ठेवावे लागते.

दुसरी गोष्ट धगीची. चूल विझवली तरी निखारे धगधगत राहतात. भट्टी बंद केली तरी तिच्यातली धग लगेच जात नाही. तिला सारखे पाणी द्यावे लागते. ११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये मोठा भूकंप झाला. पाठोपाठ समुद्राची प्रचंड लाट आली. फुकुशिमा येथील अणुकेंद्राचे पंप बंद पडले. आतले युरेनियम वितळले. दीड लाखाहून जास्त लोकांना घरेदारे सोडावी लागली. त्याआधी २६ एप्रिल १९८६ रोजी त्या वेळच्या सोव्हिएत देशात चेर्नोबिल येथे भट्टी फुटली होती. असे अपघात रोज होत नाहीत, हे खरे. पण झाले म्हणजे गावेच्या गावे उठतात, हेही खरे.

माडबनची गोष्ट

देशातले पहिले अणुवीज केंद्र आपल्याच राज्यात, तारापूरला झाले. ते १९६९ साली सुरू झाले. पुढे तेथे आणखी दोन मोठ्या भट्ट्या बांधल्या. त्या २००५ आणि २००६ साली चालू झाल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांतल्या लोकांना उठावे लागले. त्यांच्या पुनर्वसनाचे भांडण न्यायालयापर्यंत गेले. म्हणून तारापूरचे नाव निघाले, की कोकणातली माणसे आधी एवढेच विचारतात, "त्या लोकांचं पुढे काय झालं?"

हा प्रश्न रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूर तालुक्यातही विचारला गेला. तेथे समुद्राकाठी माडबन नावाचे गाव आहे. माडबन व आसपासच्या गावांची मिळून ९३८ हेक्टर, म्हणजे सुमारे २,३०० एकर जमीन सरकारने घेतली. जैतापूर अणुवीज प्रकल्पासाठी ती घेतली. तेथे फ्रान्स देशाच्या बनावटीच्या सहा भट्ट्या उभ्या करायच्या, असे ठरले. सहा मिळून ९,९०० मेगावॅट. इतके मोठे अणुकेंद्र जगात विरळाच!

सरकार म्हणाले, "ही जमीन बहुतेक पडीक आहे." गावकरी म्हणाले, "पडीक कसली? सड्यावर आमची गुरं चरतात. पावसात भात-नाचणी होते. हापूस आणि काजूची झाडं आमच्या बापजाद्यांनी खडक फोडून लावली आहेत." ज्याला मुंबईच्या कचेरीत बसून खडक दिसतो, त्याच्यात कोकणातल्या माणसाला कलम दिसते. दोघांचे डोळे वेगळे.

जमीन १८९४ सालच्या जुन्या कायद्याने घेतली. इंग्रजांच्या वेळच्या त्या कायद्यात मालकाची संमती लागत नसे. पुष्कळांनी मोबदल्याचे धनादेश नाकारले. मोर्चे निघाले, लोक तुरुंगात गेले. १८ एप्रिल २०११ रोजी नाटे गावी आंदोलन चिघळले. जमावाने पोलीस ठाण्यावर हल्ला केला, असे पोलिसांचे म्हणणे होते. पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात गावचा एक माणूस ठार झाला. विजेचा दिवा लागण्याआधी एका घरातला दिवा विझला.

२०१३ साली सरकारने मोबदला वाढवून हेक्टरी साडेबावीस लाख रुपये केला. मग बऱ्याच जमीनमालकांनी पैसे घेतले. त्यांना आम्ही दोष देत नाही. घरात लग्न असते, आजारपण असते, जमीन तर कागदावर गेलेलीच असते.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. नाटे आणि साखरीनाटे ही मच्छीमारांची गावे. अणुकेंद्र थंड ठेवायला समुद्राचे पाणी आत घेतात आणि कोमट करून परत सोडतात. "पाणी तापलं तर मासळी दूर जाईल," अशी मच्छीमारांना भीती वाटते. "तितका फरक पडणार नाही," असे प्रकल्पवाले सांगतात. पण समजा मासळी दूर गेली, तर भरपाई कुणाला आणि कोणत्या हिशेबाने? शेताचा सातबारा असतो. समुद्राचा सातबारा कुणाच्याच नावावर नसतो. होडीवर काम करणारा गडी, मासळी सुकवणारी आणि विकणारी बाई, यांचे नाव कोणत्या कागदावर आहे?

सूर्याची वीज तरी निर्दोष आहे का?

काही जण म्हणतात, "अणू नको, सूर्य घ्या. ऊन फुकट आहे." हे म्हणणे बरेच खरे आहे. काचेच्या काळ्या तावदानांवर ऊन पडले की त्यातून सरळ वीज निघते. वाफ नको, भट्टी नको, घातक राख नको. ही वीज आता स्वस्तही झाली आहे. जानेवारी २०२५ मध्ये देशातल्या सौर विजेची क्षमता १ लाख मेगावॅटच्या वर गेली. अणुविजेची क्षमता तिच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी आहे.

वेळेचाही हिशेब पाहा. जैतापूरला जी भट्टी बसवायची ठरली, त्याच जातीची एक भट्टी फ्रान्समध्ये फ्लामांव्हिल येथे बांधली. काम २००७ साली सुरू झाले. पाच वर्षांत वीज मिळेल असे सांगितले होते. वीज मिळाली ती डिसेंबर २०२४ मध्ये! खर्च ३३० कोटी युरो धरला होता, तो १,३२० कोटींवर गेला. युरो हे तिकडचे नाणे. सौर तावदाने मात्र वर्षा-दोन वर्षांत बसवून होतात.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सूर्य मावळला की ही वीज थांबते. पावसाळ्यात ती कमी होते. एक मेगावॅटची अणुभट्टी आणि एक मेगावॅटची सौर तावदाने वर्षाकाठी सारखी वीज देत नाहीत. सौर वीज बरीच कमी पडते. रात्रीसाठी वीज साठवायची तर मोठ्या बॅटऱ्या लागतात, किंवा पाणी डोंगरावर चढवून ठेवावे लागते. त्याला वेगळा खर्च येतो.

आणि जमीन? ती तर जास्तच लागते. कर्नाटकात पावगड येथे सुमारे २,००० मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. त्याला सुमारे १३,००० एकर जमीन लागली. तेथे एक गोष्ट मात्र चांगली झाली. जमीन विकत घेतली नाही, भाड्याने घेतली. सुरुवातीला एकरी वर्षाला २१,००० रुपये भाडे ठरले. मालकी शेतकऱ्याचीच राहिली. त्या दुष्काळी मुलखात हे पैसे पुष्कळांना आधाराचे झाले. पण जे भूमिहीन होते, ते दुसऱ्याच्या शेतावर राबत. त्यांचे काम गेले. गुरे-मेंढरे चारणाऱ्यांचे रान गेले. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याला भाडेही नाही.

म्हणजे माडबनचा मच्छीमार आणि पावगडचा मजूर, दोघांचे दुखणे एकच. वीज अणूची असो की सूर्याची असो, कागदावर ज्याचे नाव नाही तो मागे राहतो.

मधली वाट आहे. छपरावर तावदाने बसवली तर जमीन लागतच नाही. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यात मान्याचीवाडी नावाचे छोटे गाव आहे. तेथे सुमारे शंभर घरे आहेत. २०२४ साली ते राज्यातले पहिले सौरग्राम झाले. शेतीच्या पंपांसाठीही राज्य सरकारने २०१७ साली सौर कृषी वाहिनी योजना आणली. गावाजवळच्या जमिनीवर तावदाने लावायची आणि शेतकऱ्याला दिवसा वीज द्यायची. रात्री-बेरात्री साप-विंचवाच्या भीतीत पाणी धरणाऱ्याला याचे मोल सांगायला नको. पण मोठे कारखाने, आगगाड्या आणि शहरे एवढ्यावर चालतील का, हा प्रश्न उरतोच. त्यावर जाणत्या माणसांतही एकमत नाही. जर्मनी देशाने २०२३ साली आपल्या शेवटच्या अणुभट्ट्या बंद केल्या. शेजारचा फ्रान्स मात्र निम्म्याहून जास्त वीज अणूपासूनच घेतो.

आपण काय करावे?

अणुकेंद्रासारखा मोठा प्रकल्प यायचा असेल तर आधी जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना निदान ३० दिवस आधी द्यावी लागते. प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश लोकांच्या भाषेत द्यावा लागतो. सुनावणी संपताना काय काय बोलणे झाले, ते लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावे लागते. माडबनला १६ मे २०१० रोजी अशी सुनावणी झाली. "मराठीतले कागद आमच्या हाती वेळेवर आलेच नाहीत," अशी गावकऱ्यांची तक्रार होती. जो कागद वाचता आला नाही, त्यावर माणूस काय बोलणार?

सौर प्रकल्पाला अशी जनसुनावणी लागत नाही. म्हणून तेथे तर आपण जास्त जागे राहिले पाहिजे. ग्रामसभेत उभे राहावे आणि विचारावे :

जमीन विकत घेणार की भाड्याने? भाडे किती, आणि दरवर्षी किती वाढणार?

मुदत संपल्यावर जमीन कोणत्या स्थितीत परत मिळणार?

जमीन नसलेल्या मजुराला, गुराख्याला, मच्छीमाराला काय मिळणार?

नोकऱ्या किती आणि कुणाला? हे लेखी देणार का?

तयार झालेली वीज आपल्या गावालाही मिळणार का?

अपघात झाला तर भरपाई कोण देणार आणि किती? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. २०१० साली संसदेने अणु-अपघाताच्या भरपाईचा कायदा केला होता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा मंजूर केला. त्याने जुन्या कायद्याची जागा घेतली, आणि खासगी कंपन्यांनाही या धंद्याचे दार उघडले. म्हणून नव्या कायद्यात काय लिहिले आहे, ते जाणत्याकडून वाचून घ्यावे.

अणू बरा की सूर्य बरा, याचे एकच उत्तर सगळ्या गावांना लागू पडणार नाही. पण उत्तर देताना ज्याची जमीन, ज्याचे पाणी, त्याला विचारले पाहिजे. पूर्वी साहेब कागद पुढे करी आणि आपण अंगठा उठवीत असू. आता आपण वाचायला शिकलो आहोत. कागद आधी वाचावा. समजला नाही तर दुसऱ्याकडून वाचून घ्यावा. घरातल्या बायकांनाही वाचून दाखवावा, कारण शेत त्याही राबतात. सगळे समजले, पटले, तरच सही करावी. कोऱ्या कागदावर तर कधीच करू नये.